आयर्विनच्या कठड्याशी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून संध्याकाळी आयर्विन पुलावर जातो. सांगलीत कृष्णेवर १९२९ साली झालेला हा दगडी पूल. व्हाइसरॉय आयर्विनचं नाव अजून त्याला चिकटलेलं आहे.

एरवी पूल ओलांडायचा असतो, बघायचा नसतो. आता मध्येच दम खायला कठड्याला टेकावं लागतं. दगडात दुपारचं ऊन अजून मुरलेलं असतं, तळव्याला ते कळतं. खाली नदी संथ. हीच नदी पावसाळ्यात चढली की गावभर एकच प्रश्न, 'आयर्विनला किती फूट?' ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते दिवस आठवले की पोटात अजून खड्डा पडतो, तरी या पुलाचा राग कधी आला नाही.

कोकण रेल्वेचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, देखणा. पण तो खिडकीतून निसटतो. ओळख होत नाही.

आई लग्न होऊन सांगलीत आली ती सांगलवाडीकडून, याच पुलावरून. तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे विचारायचं राहूनच गेलं. उद्या त्या टोकापर्यंत चालवतंय का बघायचं.