कांचेच्या पेटींतील आगंतुक

ज्या गृहस्थाला पाहुण्यांची हौस नाहीं, त्यानें घरीं खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवूं नये. गोड्या पाण्याच्या पेटींत आपण विकत आणलेले मासे असतात आणि फार तर वनस्पतीबरोबर आलेली एखादी गोगलगाय. परंतु खाऱ्या पाण्याच्या पेटींत एक जीव आणावा, तर त्याच्यामागून दहा जीव न विचारतां येतात. दगडाच्या चिरेंत, शंखाच्या पाठीवर किंवा मूठभर वाळूंत बसून ते प्रवास करितात, आणि आठ-पंधरा दिवसांनीं एकेक करून तोंड दाखवितात. ह्या आगंतुकांची ओळख पटविण्याचा उद्योग आम्ही गेलें वर्षभर करीत आहों. त्यांत जें शिकलों तें आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

आमची पेटी लहानशी, सुमारें 120 लिटरांची आहे. आम्ही घाटावर राहणारे, तेव्हां समुद्राचें पाणी घरींच सिद्ध करावें लागतें. शुद्ध केलेल्या दर लिटर पाण्यास सुमारें 35 ग्रॅम समुद्री मीठ घालावें, विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास राखावें आणि उष्णता 25-26 अंशांवर ठेवावी, म्हणजे काम भागतें. प्रश्न उरला तो दगडांचा. प्रवाळाचे खडक समुद्रांतून काढून आणणें आपल्या देशांत गुन्हा आहे. 2001 सालीं कायद्यानें दगडी प्रवाळांस वन्यजीवांच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलें. म्हणून आमच्या मुंबईच्या एका स्नेह्यांनीं आपल्या पेटींतील, माती भाजून केलेले सच्छिद्र दगड ओल्या कापडांत गुंडाळून आम्हांस दिले. दोन वर्षें खाऱ्या पाण्यांत राहिल्यानें त्यांवर सूक्ष्म जंतूंची वस्ती झाली होती. माशांच्या उत्सर्गांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें हे जंतु प्रथम नायट्राइट व पुढें नायट्रेट करितात. त्यांच्यावांचून नव्या पेटींत मासा जगणें कठीण.

दहा दिवस दगड स्तब्ध होते. मग त्यांवर मोहरीएवढीं पांढरीं वेटोळीं दिसूं लागलीं. भिंगांतून पाहतां प्रत्येक वेटोळ्याच्या तोंडाशीं इवलासा पिसारा हलतांना दिसला. ते नळींत राहणारे किडे होते. कांचेवर पिसवांएवढे, वांकड्या पाठीचे, कोळंबीच्या नात्यांतले जीव धांवूं लागले. एका फटींतून सापाच्या शेपटीसारखे सडपातळ हात बाहेर येऊन अन्नाचे कण टिपूं लागले. तो तारामाशाचा चुलतभाऊ. ह्यांशिवाय दोन पाहुणे विशेष लक्षांत राहिले. एक होता बोटभर लांबीचा गुलाबी किडा. त्याच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला दोहों बाजूंनीं कुसळांचे झुबके होते. दुसरें होतें कांचेसारखें पारदर्शक, तपकिरी छटेचें, पाण्याच्या लहरीबरोबर डोलणारें एक समुद्रफूल.

घरांतील निवाडा एका क्षणांत झाला. किडा ओंगळ, सबब तो बाहेर. फूल सुंदर, सबब तें राहावें. आम्हीं मात्र एक नियम घातला, कीं वहींत नांव लिहिल्यावांचून कोणासही शिक्षा होणार नाहीं आणि बक्षीसही मिळणार नाहीं. प्रत्येक जीवाला एक पान द्यावयाचें. तो कोठें राहतो, केव्हां बाहेर येतो, काय खातो, कोणाला पाहून पळतो, हें त्यांत टिपावयाचें. विजेरीच्या कांचेवर तांबडा कागद लावला, कारण त्या उजेडाला हे जीव सहसा बुजत नाहींत; आणि रात्रीं दिवे मालवून मुलांसह पहारा सुरू केला.

आपल्या भाषेंत एक मौज आहे. 'नांव ठेवणें' म्हणजे बारसें करणें आणि 'नांवें ठेवणें' म्हणजे दोष काढणें. एदेन बागेंत आदामाकडे जें काम सोंपविलें गेलें तें प्राण्यांस नांव देण्याचें. त्यांस नांवें ठेवण्याचें काम त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. तें मनुष्यानें पुढें आपल्या बुद्धीनें वाढवून घेतलें असावें.

तिसऱ्या आठवड्यांत ह्या नियमाची कसोटी लागली. पेटींत आम्हीं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी सोडली होती. माशांच्या अंगावरील घाण वेंचून काढणारी ही कोळंबी मुलांची फार लाडकी. एके सकाळीं वाळूवर तिचा निश्चल देह पडलेला दिसला, आणि त्यावर तो कुसळांचा किडा चरत होता. आमचा बारा वर्षांचा चिरंजीव चिमटा घेऊनच धांवला. "बाबा, हा पाहा खुनी! अजून तिला खातो आहे!"

आम्ही म्हणालों, "बाळ, आरोपीचें म्हणणें ऐकून घेण्याआधीं न्यायाधीशसुद्धां फांशी देत नाहीं. आधीं प्रेत तपासूं."

चमच्यानें तो देह वर घेतला. तो आंतून पोकळ होता. मिशा, पाय, डोळ्यांवरील झांकणें, सर्व कांहीं जागच्या जागीं होतें, पण मांसाचा कण नव्हता, आणि पाठीवर डोक्यामागें एक चीर होती. कोळंबीचें कवच वाढत नाहीं. म्हणून शरीर वाढलें, कीं जुनें कवच टाकून ती बाहेर पडते, आणि नवें कवच कठीण होईपर्यंत दडून राहते. दुसऱ्या रात्रीं आमची कोळंबी दगडाच्या गुहेंतून बाहेर आली. ती पहिल्यापेक्षां जरा मोठीच दिसली. किडा खून करीत नव्हता, झाडलोट करीत होता. चिरंजीवांनीं त्याच्या पानावर स्वहस्तें लिहिलें: "मेलेलें व टाकलेलें खातो. निर्दोष. हात लावूं नये." शेवटची सूचना योग्यच होती. त्याचीं कुसळें बोटांत मोडतात व आग करितात. तसें झाल्यास चिकटपट्टी लावून तीं ओढून काढावीं.

तथापि कुळावरून निर्दोष ठरविणें हेंही धोक्याचेंच. 2009 सालीं इंग्लंडांतील कॉर्नवॉल येथील एका मत्स्यालयांत प्रवाळ रातोरात कुरतडले जाऊं लागले. शेवटीं पेटींतील एकेक दगड काढला, तेव्हां ह्याच किड्याच्या गोतांतला सुमारें चार फूट लांबीचा एक किडा आंत लपलेला आढळला. म्हणून पान कुळाला नव्हे, प्रत्येक जीवाला द्यावें.

त्या सुंदर फुलाचें पान मात्र दिवसेंदिवस काळें होत गेलें. त्याचें नांव ॲप्टेशिया. दोन महिन्यांत एकाचीं नऊ फुलें झालीं. शेजारच्या नळीकिड्याला त्याच्या स्पर्शिकांचा दंश होऊं लागला. तो पिसारा आंत ओढून घेई, आणि अखेरीस त्याचा पिसारा गळून पडला. मुलें चाकूनें फूल खरवडावयास निघालीं. परंतु ह्या जीवाच्या पायाचा कण जरी दगडावर राहिला, तरी त्यांतून नवें फूल उगवतें. येथें आम्हांस शुभवर्तमानांतील गहूं व निदणाचा दाखला आठवला. घाईनें उपटण्यानें शेताचीच हानि होते. पाणी हलविणारें यंत्र थांबवून, चुन्याचा दाट लगदा पिचकारीनें त्याच्या तोंडांत घालावा, आणि एका दिवशीं दोन-तीनांहून अधिकांस घालूं नये, असा उपाय आहे. तोच आम्हीं केला, पण नांव निश्चित कळल्यावर.

हा छंद आजचा नव्हे. 1846 सालीं ॲना थिन नांवाच्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीनें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरीं नेले. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं तें पाणी ह्या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे. पुढें त्या भांड्यांत न आणलेले नवे जीव दिसूं लागले; तीं त्या प्रवाळांचींच पिल्लें होतीं. तिनें तीं धीरानें न्याहाळिलीं, आणि तिचीं टिपणें 1859 सालीं प्रसिद्ध झालीं.

दर जूनमध्यें आमच्या वर्गांतही आगंतुक येतात. गेल्या जूनमध्यें एक मुलगा आला. त्याच्या जुन्या शाळेच्या दाखल्यांत वर्तणुकीच्या रकान्यांत एकच शब्द होता: "असमाधानकारक". कोणी म्हणाले, असा मुलगा घेऊं नये. कोणी म्हणाले, चेहऱ्यावरूनच दिसतें. आम्हीं त्याला वहींतील एक कोरें पान दिलें. तो कोणाबरोबर डबा खातो, शाळा सुटल्यावर घरीं जावयास कां रेंगाळतो, कशानें चिडतो आणि कशानें शांत होतो, हें पाहत आहों. त्याविषयीं येथें अधिक लिहिणें उचित नव्हे. एवढेंच सांगतों, कीं आमच्या शाळेंतून तो जाईल त्या दिवशीं तो रकाना आम्हांसच भरावयाचा आहे, आणि एका शब्दावर पोराचें पुढचें वर्ष अवलंबून असतें, हें आम्ही जाणतों.

पेटीच्या वहींतलें एक पान मात्र अजून नांवावांचून आहे. मागच्या डाव्या दगडाच्या बिळांतून मध्यरात्रीनंतर दोन चमकदार डोळे बाहेर येतात, आणि जरा हालचाल होतांच नाहींसे होतात. ज्या विद्यार्थ्यांस हें पाहावयाचें असेल, त्यांनीं सुट्टीच्या दिवसांत घरच्यांची परवानगी घेऊन अवश्य यावें. भिंग आमच्याकडे आहे. विजेरी व तांबडा कागद ज्याचा त्यानें आणावा.