सोलापूरचा कामगार आळशी आहे का?

"कामगारच आळशी हो, म्हणून सोलापूर मागं पडलं." पूर्व भागात चहाच्या टपरीवर हे वाक्य कधीही ऐकायला मिळतं. माझ्या वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, म्हणून मला ते जास्तच टोचतं. पण राग बाजूला ठेवून जरा हिशोब बघू.

ग्रेगरी क्लार्क या अर्थतज्ज्ञानं 1987 साली एक लेख लिहिला. 1910 च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक गिरणी कामगार जवळपास सहा भारतीय कामगारांइतकं काम काढायचा. यंत्रांत फार फरक नव्हता. आपल्या गिरण्यांत इंग्लंडचेच माग होते. मग क्लार्कनं बोट ठेवलं ते कामगारावरच.

पण मंडळी, त्याच हिशोबात जपानी कामगारही आपल्याच रांगेत होता! आणि पुढं काय झालं? 1924 मध्ये साकिची टोयोडांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा, चालता चालता धोटा बदलणारा माग काढला. एक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. ज्यांच्याकडून जग यंत्रं घ्यायचं, त्यांनीच! जपानी माणूस चौदा वर्षांत बदलला का? नाही. त्याच्या हातातला माग बदलला.

आपल्याकडं तसं का झालं नाही? एक, मजुरी स्वस्त. नवा माग घेण्यापेक्षा दोन माणसं जास्त ठेवणं मालकाला परवडतं. दोन, कामगाराला भीती. 1928 चा मुंबईचा मोठा संप जादा माग सांभाळायला लावण्याच्याही विरोधात होता, कारण त्यात पोटावर पाय येणार हे दिसत होतं. तीन, सरकार. हातमाग वाचवायला 1950 च्या दशकात गिरण्यांच्या मागांवर मर्यादा आली. मग काम छोट्या छोट्या शेडमध्ये गेलं. चार-आठ मागांचा कारखानदार लाखोंचा रॅपियर माग कुठून आणणार?

धागा तुटला की जुन्या मागावर नजर ठेवून धावायचं, कांडी संपली की बदलायची. दिवसभर असं राबणाऱ्याला आळशी म्हणायला जीभ कशी रेटते?

नव्या मागासाठी परवडणारं कर्ज, तो चालवायचं प्रशिक्षण, आणि वाढलेल्या उत्पादनात कामगाराचा वाटा, या तीन गोष्टी एकत्र मागा. फक्त माग आला आणि माणूस घरी गेला, तर पोरं पुण्याचीच गाडी धरणार.

तुमच्या घरात कुणी मागावर असेल तर कमेंटमध्ये लिहा.