घुमटाचं नवं कातडं

माझा संगणक चांगला चालतो. तो तापत नाही, कुरकुरत नाही, आणि लाटंबार्सेच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांपासून पुस्तकांपर्यंत सगळ्यावर बुरशी चढते तेव्हाही तो सकाळी बटण दाबलं की उठतो. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आणि मागाहून म्हापशातल्या ओळखीच्या माणसाकडून घेतलेलं एएमडीचं आरएक्स ५७० ग्राफिक कार्ड. याच कार्डावर मी 'विचर ३' मधली बेटं होडीनं पालथी घातली, 'एल्डन रिंग'च्या कड्यांवरून कोसळून पुन्हा वर चढलो. बाहेर धो धो पाऊस, आणि आत पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी मुलखातलं कोरडं ऊन. या सुखाला दुसरं नाव नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सांभाळ संपला. सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळवण्याची सोय ठेवली होती, पण ती मुदतवाढच. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर असला तर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. माझा चौथ्या पिढीचा. यंत्र धडधाकट, आणि त्याची मुदत मात्र संपलेली.

डिचोली तालुक्यात राहणाऱ्या माणसानं हे असं पूर्वी पाहिलेलं आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. खाणींचं काय चुकलं होतं हे ज्यांच्या शेतात लाल पाणी उतरलं त्यांना कोर्टाच्या आधीपासून माहीत होतं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अंगणात उभे राहिलेले खाणीचे ट्रक मी विसरू शकत नाही. इंजिन शाबूत, टायर शाबूत, मागच्या फळीवर देवाचं नाव ताज्या रंगात, आणि बॉनेटवर वेल चढत चाललेली. धनी रोज सकाळी उठून एकदा इंजिन सुरू करायचा, थोडा वेळ ऐकायचा आणि बंद करायचा. तेव्हापासून चालतं यंत्र उभं करून ठेवणं माझ्या जिवावर येतं. नवा संगणक घेण्याऐवजी मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सकडे वळलो त्यामागे हे कारण पहिलं होतं. बाकीची कारणं नंतर सुचली.

गोव्याला लिनक्स तसं नवं नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथल्या शाळांमध्ये 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' नावाचं काम उभं राहिलं होतं. परदेशात वापरून बाजूला टाकलेले संगणक आणायचे, त्यांत लिनक्स घालायचं आणि शाळेच्या एका खोलीत मांडायचे, असा तो बेत. परदेशातले गोवेकर त्यात होते, इथले लिनक्सवेडे होते, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्याही पगाराविना शाळांत जाऊन वायरी ओढणारी पोरं होती. त्या काळच्या लिनक्सवर 'टक्स रेसर' नावाचा एक खेळ असे: पेंग्विन पोटावर झोपून बर्फाच्या उतारावरून घसरत जातो आणि वाटेतले मासे वेचतो. बर्फ कधी न पाहिलेल्या पोरांना तो उतार फार आवडायचा.

पण तेवढ्यानं भागत नसे. आमच्या वयाच्या मुलांचा खरा खेळ दोडामार्गाच्या आणि डिचोलीच्या सायबर कॅफेत चालायचा. आयजीआय, व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड, आणि चार टाळकी जमली की काउंटर-स्ट्राइक १.६. हेडफोनचा स्पंज निघालेला, माउसखाली गुळगुळीत झालेलं जुनं कॅलेंडर, वरचा पंखा सगळ्यांना पुरत नसे. ते सगळे खेळ विंडोजचे. लिनक्स हे अभ्यासाचं, सर्व्हरचं, इंजिनिअरिंगच्या मुलांचं. खेळायचं असेल तर विंडोज. हा समज इतका पक्का होता, आणि तेव्हा इतका खरा होता, की त्याला कुणी हात लावला नाही.

तो बदलला कसा, हे सांगायला मला चतुर्थीच्या आरतीत जावं लागेल. आमच्याकडे आरतीला घुमट वाजतं. मातीचं भांडं, दोन्हीकडे उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, मागचं तोंड लहान. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा पंजा मागच्या तोंडावर उघडझाप करत नाद घडवतो. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि पुढे घुमटावर बकऱ्याचं कातडं चढलं. जुने वादक अजून सांगतात की घोरपडीचा नाद निराळा. असेलही. पण २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला तो बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटाला, आणि आरतीचा ठेका धरणाऱ्या तरुण हातांना आता दुसरं कातडं आठवतही नाही.

विंडोजसाठी लिहिलेला गेम म्हणजे तो हात. तो विशिष्ट जागी विशिष्ट थाप मारायला शिकलेला असतो: ही फाइल उघड, इथे खिडकी काढ, हा त्रिकोण या रंगात रंगव. त्या थापेला जो नाद यायला हवा तो आला की गेमला पुरतं. खाली कुणाचं कातडं आहे हे तो विचारत नाही. 'वाइन' या प्रकल्पानं १९९३ मध्ये हेच काम हाती घेतलं. विंडोजच्या एकेका थापेला लिनक्सकडून तोच नाद मिळेल असं कातडं विणायचं, तेही मूळ कातडं आतून कसं बनवलंय हे न पाहता, नुसतं बाहेरून ऐकून. १९९४ पासून अलेक्झांद्र जुलियार हा स्विस माणूस हे काम पुढे नेतो आहे. तीस वर्षांहून जास्त एकाच कामाला धरून राहणारी माणसं देवळात, नाटकात आणि शेतात मी पाहिली आहेत. संगणकात असं कुणी असेल असं वाटलं नव्हतं.

गेमांची मोठी अडचण चित्राची होती. विंडोजवरचे गेम डायरेक्ट-थ्रीडी नावाच्या बोलीत ग्राफिक कार्डाशी बोलतात. २०१७ मध्ये जर्मनीतल्या फिलिप रेबोले या तरुणाला लिनक्सवर 'निअर: ऑटोमाटा' हा जपानी गेम खेळायचा होता आणि तो नीट चालत नव्हता. म्हणून त्यानं डायरेक्ट-थ्रीडीचं, लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या बोलीत रूपांतर करणारा प्रोग्राम लिहायला घेतला. तोच 'डीएक्सव्हीके'. एक गेम खेळायची ओढ, एवढंच मूळ. मला या सगळ्या गोष्टीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. जग बदलायला निघालेला माणूस हे करता तर मी त्याचा आदर केला असता. खेळायला निघालेल्या माणसानं ते केलं म्हणून मला तो माझा वाटतो. पुढे 'स्टीम' हे गेमांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्याला या कामासाठी पैसे दिले, आणि २१ ऑगस्ट २०१८ ला वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी बरंच काही एकत्र बांधून 'प्रोटॉन' आणलं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचं हातात धरायचं 'स्टीम डेक' बाजारात आलं. त्याच्या पोटात लिनक्सच आहे. ते यंत्र माझ्याकडे नाही, पण त्याच्यासाठी झालेली सगळी दुरुस्ती माझ्या आठ-दहा वर्षं जुन्या डब्यापर्यंत फुकट पोचली. २०२५ च्या ऑक्टोबरात स्टीमच्या पाहणीत लिनक्सवर खेळणारे पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेले. शंभरात तीन. आकडा लहान आहे, पण त्यात आता लाटंबार्सेही आहे.

मी 'लिनक्स मिंट' घेतलं. पेन ड्राइव्हवर उतरवलं, आणि इन्स्टॉल करण्याआधी त्या पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं: पडदा, आवाज, वायफाय सगळं जागच्या जागी. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच असतो, तो वेगळा शोधावा लागला नाही. मराठी अक्षरंही सरळ दिसली. 'लोहित' सारखे मोकळे देवनागरी फॉन्ट पुण्यात बसून ज्यांनी वर्षानुवर्षं घडवले त्यांची आठवण अशा वेळी व्हावी. बाकी फॉरमॅट मारणं, फाइली हलवणं, हे रटाळ काम आहे, ते होतं.

पहिला गेम लावला तो 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं तो २०२० मध्ये आणला. राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. पाठीशी दुर्गा आणि विष्णू. मधल्या कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात, भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की पुराणातली गोष्ट ऐकू येते. हा खेळ मुद्दाम निवडला. पुण्यात बनलेला गेम, स्विस आणि जर्मन हातांनी विणलेल्या कातड्यावर, डिचोली तालुक्यात वाजतो का ते मला पाहायचं होतं. वाजला. सुरुवातीला जरा अडखळला, कारण शेडर, म्हणजे ग्राफिक कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, तयार होत होते, आणि मग राजी वाड्याच्या खांबावर धावत चढली, गरकन वळली आणि त्रिशूळ फिरवत खाली आली. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो.

त्या रात्री मी स्टीमच्या फोल्डरात आत आत जाऊन पाहिलं. 'कॉम्पॅटडेटा' नावाचा एक फोल्डर. त्यात नुसत्या आकड्यांची नावं असलेले फोल्डर, प्रत्येक गेमला एक. त्यातला एक उघडला. आत 'ड्राइव्ह सी'. त्याच्या आत 'प्रोग्राम फाइल्स', 'विंडोज', 'युजर्स', सगळं ओळखीचं. 'युजर्स' मध्ये एकच माणूस राहतो, त्याचं नाव 'स्टीमयूजर'. राजीला वाटतं ती विंडोजवर आहे. तिच्यासाठी कुणीतरी इतक्या काळजीनं सगळं घर मांडून ठेवलंय, 'माय डॉक्युमेंट्स' सुद्धा विसरलेले नाहीत. ज्या माणसानं हा फोल्डर बनवायची ओळ लिहिली त्याला आपलं नाव कुणी घेईल अशी आशाही नसेल. मी बराच वेळ त्या फोल्डरांत हिंडत होतो.

सगळंच वाजत नाही, हेही सांगायला हवं. 'व्हॅलोरंट' चालत नाही, 'फोर्टनाइट' चालत नाही. 'एपेक्स लेजंड्स' चालत असे; २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी लिनक्सचं दार लावलं. कारण फसवणूक. ऑनलाइन गेममध्ये भिंतीपलीकडचं दिसणारा एक जण आला की नऊ जणांचा खेळ नासतो, म्हणून पहारेकरी हवा हे मला मान्य आहे. पण व्हॅलोरंटचा पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो आणि लिनक्सला आत घेत नाही. एका खेळासाठी अख्ख्या यंत्राच्या किल्ल्या मागितल्या जाव्यात हे मला पटत नाही. तोटा मात्र खरा आहे, आणि तो दोडामार्गाहून फोनवर आला. भाचा म्हणाला, "मामा, तू नसलास तर आम्ही चारच उरतो." व्हॅलोरंटमध्ये पाच जणांचा संघ असतो त्यांचा, पाचवा मी. मी त्याला कर्नल समजावत बसलो नाही. चार जणांत पाचवा नसण्याला कुठलंही तांत्रिक उत्तर नाही.

उत्तर त्यानंच शोधलं. काही दिवसांनी त्याचा निरोप आला की शनिवारी रात्री सगळे काउंटर-स्ट्राइक २ वर यायचं ठरलंय. हा गेम लिनक्सवर मुळातूनच चालतो, प्रोटॉनसुद्धा लागत नाही. त्याच्या मित्रांतल्या दोघांनी तो माझ्याचसाठी उतरवून घेतला, आणि गावातल्या नेटवर एवढा गेम उतरवणं म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगायला नको. सायबर कॅफेत ज्या 'डस्ट टू' मध्ये मी शिकलो तोच नकाशा, नव्या रंगात. लांबच्या दारापाशी कुठे उभं राहायचं हे पोरांना सांगताना माझा आवाज चढला होता, असं घरच्यांनी सांगितलं.

आता एक नवं काम अंगावर घेतलंय. 'प्रोटॉनडीबी' नावाच्या नोंदवहीत २०१८ पासून खेळणारे आपापला अनुभव लिहून ठेवतात: कुठला गेम, कुठलं कार्ड, काय अडलं, कशानं सुटलं. मी पहिल्या दिवसापासून त्यावरच चाललो. जुन्या कार्डांच्या नोंदी कमी होत चालल्यात, आणि आपल्याकडे तीच कार्डं घरोघरी आहेत. म्हणून गेम संपवला की मी बसून लिहितो. काल 'राजी'ची लिहिली: लिनक्स मिंट, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आरएक्स ५७०. चालतो. काही बदलावं लागत नाही. सुरुवातीला अडखळला तर गेम बंद करू नका, तसाच चालू द्या.