मुनीमजींचा हिशेब

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. 2015 साली दिवाळीच्या तोंडावर मी आमच्या मुनीमजींना चोर ठरवून कामावरून काढलं. बासष्ट हजार रुपये गेले होते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मुनीमानंच नेले." अण्णांच्या शब्दापुढं चौकशी कसली करायची? साल दुष्काळाचं, यार्डात आवक नाही, त्यामुळं रक्कम जरा जास्तच डोळ्यांत खुपली. मुनीमजींनी चाव्या गादीवर ठेवल्या, चपला घातल्या आणि गेले. ते भांडले नाहीत, याचाही अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

अण्णा तेव्हा एकोणऐंशीचे. एकच गोष्ट चारदा विचारायचे, पट्टी लिहिताना अडायचे. पण त्यांना विसर पडतोय असं कुणी म्हटलं तर मी हसायचो. कारण जुनं सगळं त्यांना तोंडपाठ. 1948 सालची रझाकारांची दहशत, आजीनं ज्वारीच्या कणगीत लपवलेले दागिने, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गल्लीत कोण कुठल्या अवतारात बाहेर पळालं, हे सगळं. विसरण्याच्या आजारात जुनं टिकतं आणि सकाळचं जेवण पुसलं जातं, हे मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, शंकाच आहे. मालकाचा हिशेब चुकतोय, ही बातमी आडतीला परवडत नाही. शेतकरी दुसऱ्या दिवशी पोती शेजारच्या गाळ्यावर उतरवतो.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं. घरात तांब्या-तांब्याचा हिशेब. आणि अण्णा पहाटे उठून भरलेल्या घागरी मोरीत पालथ्या करायचे. शिळं पाणी ठेवायचं नाही, ही आजीची शिस्त हाडीमाशी भिनलेली. "अण्णा, गावात पाणी नाही!" म्हटलं की विचारायचे, "का बरं? काय झालं?" ते रोज नव्यानं विचारायचे आणि मी रोज नव्यानं ओरडायचो. एकदा मी घागर हिसकावून घेतली. तेव्हा हात जोडून ते मला म्हणाले, "चुकलं मालक." पोटच्या पोराला.

मग सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले, आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. न अडखळता. मी बायकोकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. जन्मभर वजाबाक्या केलेला माणूस तो. मग डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. अण्णा म्हणाले, "कोणते शब्द?" घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसवले आणि डावी बाजू कोरी ठेवली.

बी-12 आणि थायरॉईडच्या तपासण्या झाल्या. त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि तो औषधानं भरून येऊ शकतो. आम्ही अक्षरशः देवाकडं बी-12 मागितलं. पण निघाला अल्झायमर. औषधानं थोडी मदत होईल, आजार जाणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "चोरीचा आळ घेतात का कुणावर?" वस्तू स्वतःच ठेवायची, ठेवल्याचं विसरायचं, मग मन आपोआप चोर शोधतं, असं म्हणाले. 1906 साली अलॉइस अल्झायमर यांनी या आजाराची पहिली रुग्ण डॉक्टरांच्या सभेत मांडली, त्या बाईचं दुखणंही नवऱ्यावरच्या संशयानं सुरू झालं होतं. हे मी पुढं वाचलं. डॉक्टरांच्या समोर मात्र "नाही हो, तसं काही नाही" असं सांगून मोकळा झालो होतो.

2017 च्या उन्हाळ्यात बायकोनं ज्वारीची कोठी उपसली. तळाशी सोसायटीच्या खताची पिशवी आणि तिच्यात बासष्ट हजार. सगळ्या पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा. नोटबंदी होऊन महिने लोटलेले, बदलून घ्यायची मुदत गेलेली; वर दहापेक्षा जास्त जुन्या नोटा जवळ बाळगणं हाही आता गुन्हा. चोर नसलेल्या माणसाला हाकलून मी स्वतःच कायद्याच्या कचाट्यात बसलो होतो. बाजूच्या खोलीत अण्णा शांतपणे चहा पीत होते. रझाकारांपासून पैसे वाचवल्याचं समाधान त्यांना तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे.

मुनीमजी यार्डातच दुसऱ्या आडतीवर लागले होते. दीड वर्ष मी तो रस्ता टाळला होता. गेलो, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "अण्णांना औषध चालू हाय का?" मग म्हणाले, "एकाच शेतकऱ्याला दोनदा पट्टी जायला लागली, तवाच मला कळलं होतं. रात्री थांबून मी रोकड वही दुरुस्त करीत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला? तुमाला?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. पगार वाढवून देतो, परत या, म्हणालो. त्यांनी पेन कानावर खोचलं, आत बसलेल्या त्यांच्या मालकाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नको. हितं बरं हाय. हितला मालक अजून पस्तिशीचा हाय."