बूट घ्या, पण उतरून पाहा!

बालमित्रांनो, सुट्टीत कळसूबाईला जायचं ठरतंय? मग डबा आणि पाण्याची बाटली यांच्या आधी जरा बुटांचं बोलू या!

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर! घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारी गाव लागतं. तिथून पायवाट निघते. आधी भाताची खाचरं, मग दमवणारी चढण, मग कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्या. माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ. हवा स्वच्छ असली, की समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीनं दिसतात.

पण बुटांची खरी परीक्षा होते ती उतरताना. प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं टोकाला आदळतात. नखं काळीनिळी पडतात, टाचेला फोड येतात. दुखणारं पाऊल कुणी नीट टाकत नाही, आणि शिडीवर ते मुळीच परवडत नाही, बरं का!

काहींच्या पायांना तर कुठलाच बूट धड बसत नाही. कुणाचा पंजा रुंद पण टाच अरुंद, तर कुणाचा एक पाय दुसऱ्याहून मोठा. "तुझे पायच वेडेवाकडे!" असं कुणी चिडवलं, तर मुळीच मनावर घेऊ नका. कारखान्यातले बूट ठरावीक साच्यावर बेततात. तुमचा पाय त्या साच्यात बसला नाही, इतकंच!

मग काय करायचं? बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, डोंगरातही फुगतात. सोबत जाड मोजे न्या. बुटातला तळवा काढून त्यावर उभे राहा. पाय कडेनं बाहेर येत असेल, तर तो बूट तुमचा नव्हे. माप नेहमी मोठ्या पायाचं धरा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, पण टाच हलता कामा नये. दुकानात जिना असेल, तर उतरून पाहाच!

पंजा आवळला जात असेल, तर तिथली नाडी आडवी न ओवता कडेनं सरळ वर न्या. टाच सुटत असेल, तर घोट्याजवळ घट्ट बांधा.

आणि आईबाबा, एक विनंती तुम्हालाही. "वाढतं वय आहे" म्हणून दोन नंबर मोठे बूट नकोत, की ताईदादाचे जुनेही नकोत. त्यांना दुसऱ्याच पायाचा आकार आलेला असतो. महागच हवेत असं नाही, मापाचे हवेत.

नवे बूट आठ-दहा दिवस घरात, मैदानावर वापरा. मग खुशाल बारी गाठा. वर पोहोचलात की लक्ष नखांकडे नको, अलंग-मदन-कुलंगकडे असू द्या!