टाचणीची भोकं

टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या बेसबॉल कार्डांच्या संचात पहिल्या क्रमांकाचं कार्ड अँडी पॅफ्को या खेळाडूचं आहे. हे कार्ड चांगल्या अवस्थेत मिळणं फार कठीण, आणि त्याचं कारण रबरबँड. अमेरिकेतली पोरं आपली बेसबॉलची कार्डं क्रमानं लावायची आणि गठ्ठ्याला रबरबँड घालायची. सगळ्यांत वर पॅफ्को. रबर रुतायचा तो त्याच्या कडांत, खिशातल्या आणि दप्तरातल्या धक्क्यांनी झिजायचे ते त्याचे कोपरे. खालची मंडळी त्या मानानं सुखरूप राहिली.

मला हवा असतो तो रबराचा वळ उमटलेलाच पॅफ्को. न्यू जर्सीत राहायला आल्यावर हा खेळ मी हळूहळू शिकलो, आणि खेळामागोमाग त्याची जुनी कार्डं हाताशी आली. पगारातून घरभाडं, मुलीची फी आणि गावी पाठवायचे पैसे गेले, की उरलेल्या पैशांत जे बसतं ते घ्यायचं. त्यात बसतात ती दुमडलेली, डाग पडलेली, कातरलेली, पाठीवर डिंकाचे पोपडे धरलेली कार्डं. सुरुवातीला ती स्वस्त म्हणून घेतली. आता हातात पैसे खेळत असते तरी मी तीच घेतली असती.

ही कार्डं मुळात पोरांसाठी होती. पोरं ती भिंतीवर भिरकावून डाव मांडायची, हरायची, जिंकायची. सायकलच्या आऱ्यांत कपड्यांच्या चिमट्यानं अडकवायची, म्हणजे चाक फिरताना मोटरसायकलसारखा फटफट आवाज यायचा. काड्यापेटीच्या छापांवर डाव खेळत वाढलेल्या माणसाला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. बाजार मात्र या खेळण्याचीच शिक्षा कार्डाला देतो. तज्ज्ञ कंपन्या कार्डाला १ ते १० गुण देतात, प्लॅस्टिकच्या जाड डबीत ते कायमचं बंद करतात, आणि एकेका गुणाला किंमत दामदुप्पट होत जाते. १९५२ चंच मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. ते १९८६ मध्ये उजेडात आलेल्या, पोरांच्या हाती कधी पोचलाच नाही अशा साठ्यातलं होतं. संचातली सगळी नावं छापलेलं यादीचं कार्डही पुड्यातून निघायचं. प्रत्येक नावापुढे चौकोन, मिळालेल्या कार्डावर खूण करायला. आज त्या चौकोनांत पेन्सिल लागली असेल, तर त्या कार्डाचाही भाव पडतो. ज्या कामासाठी ते छापलं ते काम त्यानं केलं, एवढाच त्याचा दोष.

माझ्याकडे १९५६ चा जॅकी रॉबिन्सन आहे. ब्रुकलिन डॉजर्सकडून १५ एप्रिल १९४७ रोजी तो मैदानात उतरला आणि मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना बंद असलेलं दार उघडलं. १९५६ हा त्याचा शेवटचा हंगाम. आडव्या कार्डावर एका बाजूला त्याचा चेहरा, आणि मागे तोच धूळ उडवत घसरत येतोय. माझ्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांत टाचणीची भोकं आहेत. विकणाऱ्या आजोबांनी ती स्वतःहून बोट ठेवून दाखवली आणि त्यापायी किंमत उतरवली. घरी आल्यावर मी ते कार्ड दिव्यासमोर धरलं, तर चार बारीक ठिणग्यांसारखा उजेड आला. म्हणजे हा रॉबिन्सन कुणाच्या तरी भिंतीवर होता! कुणीतरी रोज उठल्यावर त्याच्याकडे बघत होतं. ती खोली ब्रुकलिनमधली होती की आणखी कुठली, मूल गोरं होतं की काळं, हे कळायला मार्ग नाही. पण चार टाचण्या मोजून-मापून, चेहऱ्याला धक्का न लावता टोचल्या आहेत. निष्काळजी हाताचं ते काम नव्हे. नऊ-दहा गुणांच्या रॉबिन्सनकडे ही गोष्ट असूच शकत नाही.

कातरलेल्या कार्डांची गोष्ट जरा अवघड. १९२० च्या आसपास काही कार्डं लांब पट्टीवर छापून यायची, ती कात्रीनं सुटी करावी लागत. १९६० नंतर पोस्ट कंपनीच्या सिरियलच्या खोक्यांवर कार्डं असत. तीही घरच्याच कात्रीनं निघायची, आणि सकाळी शाळेची घाई असली की रेघ हुकायची. त्या वाकड्या कडा मला फार आवडतात. पण कात्री लपवण्यासाठीही चालते. झिजलेली कड बारीक कापली की नवी दिसते. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या कार्डांत होनस वॅग्नरचं कार्ड दुर्मीळ, आणि त्यातलंही सर्वांत गाजलेलं ८ गुणांचं. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीनं भागीदारीत ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं, २००७ मध्ये ते २८ लाखांवर गेलं. पुढे २०१३ मध्ये लिलाववाले बिल मॅस्ट्रो यांनी कबूल केलं, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. त्यांना तुरुंगवास झाला. कड तीच, कात्री तीच. खोक्यावरून कापणाऱ्या पोरानं काही लपवलं नव्हतं, एवढाच फरक, आणि माझ्या लेखी तो सगळ्यांत मोठा.

म्हणून भिंग, पट्टी आणि जांभळा दिवा मीही बाळगतो. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कागदात नसत. मागाहून चिकटवलेला नवा कोपरा त्यामुळे त्या दिव्याखाली लख्ख उठून दिसतो. कोपरा नवा आहे एवढ्यावरून मी कार्ड परत ठेवत नाही. विकणाऱ्यानं ते सांगितलं नाही, तर ठेवतो.

कार्डाचं खरं मोल कशात, असं मनात आलं की मला जेफरसन बर्डिक आठवतात. सिरॅक्यूजच्या कारखान्यात काम करणारा, संधिवातानं बोटं आखडलेला हा माणूस. जुन्या कार्डांना आज आपण ज्या अक्षर-आकड्यांनी ओळखतो, ती पद्धत त्यांची. तीन लाखांहून अधिक छापील चिठ्ठ्या-कार्डं त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि वर्षानुवर्षं तिथं बसून, दुखऱ्या हातांनी ती वह्यांत चिकटवली. चिकटवली! आजच्या बाजारात पाठीला डिंक लागलेलं कार्ड एक-दोन गुणांवर येतं. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी काम संपवलं, आणि दोन महिन्यांनी ते गेले. कार्ड जपणं म्हणजे काय हे या माणसापेक्षा जास्त कुणाला कळलं असेल, असं मला वाटत नाही. माझ्या डिंकाळलेल्या कार्डांकडे मी त्यांच्या नात्यानं बघतो.

प्रत्येक कार्डाच्या पाकिटात मी एक चिठ्ठी घालतो : उजवी कड कापलेली, खालचा कोपरा नंतर रंगवलेला, पाठीवर शाईनं मुलाचं नाव. उद्या हे मुलीच्या हाती जाईल, तिच्याकडून आणखी कुणाच्या. तेव्हा कुणी त्याला धडधाकट म्हणून विकू नये.

सध्या शोध आहे तो १९५४ च्या हँक आरनचा. त्याचं हे पहिलंच कार्ड, त्यामुळे बरं असेल तर परवडण्याच्या पलीकडचं. मला मधोमध घडी पडलेलं चालेल, टाचणीचं चालेल, कड गेलेलंही चालेल. पुढच्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन भरतंय. ते रॉबिन्सनवाले आजोबा येणार असतील, तर आधी त्यांच्याच टेबलावर जाईन.