गडग्याशेजारचा कोपरा

कुत्र्याच्या पिल्लाला स्वच्छता मुळातून शिकवावी लागत नाही. तो धडा आईकडून मिळालेला असतो. पहिले दोन-तीन आठवडे कुत्री पिल्लांना चाटूनच शू-शी करायला लावते आणि सगळं स्वतःच साफ करून टाकते. पिल्लांच्या पायांत जरा बळ आलं, की ती आपणहून अंथरुणापासून लांब सरकून कार्यभाग उरकतात. अडचण एवढीच, की पिल्लाचं घर म्हणजे त्याचं गोणपाट. आमच्या कोकणातल्या घरात पडवी, ओटी, माजघर, देवघर असा ऐसपैस पसारा. पडवीत निजणाऱ्या सोन्याच्या लेखी माजघर म्हणजे चक्क परगाव. तिथे जाऊन बसला, तेव्हा तो त्याच्या शिस्तीला धरूनच वागत होता.

हे आजीला कोण पटवणार? "देवासमोर घाण केलीन मेल्यानं!" तिच्याकडे पूर्वापार उपाय होता: मानगूट धरून नाक त्यात घासायचं आणि वर एक चापटी. पण त्यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसांदेखत हे काम करायचं नाही. मग ते कणगीमागे जाऊन उरकतं, आणि परसात नेलं तरी आपण तिथे उभे असेपर्यंत बसत नाही. फरशीवर ओतलेल्या फिनेलचंही तेच. त्या वासाने आपलं समाधान होतं. पिल्लाच्या नाकाला त्याखालचा जुना वास लागतोच, आणि ते पुन्हा तिथेच येतं.

म्हणून सोन्याला घर हप्त्याहप्त्याने दिलं. आधी पडवी, ती निभावल्यावर ओटी, माजघर सगळ्यात शेवटी. आणि परसात, फणसापलीकडे गडग्याला लागून, एक कोपरा त्याच्या नावे केला. लहानपणी तळव्यांना जी जमीन सवयीची होते, तीच पिल्लं पुढे शोधतात. सोन्याचा जन्म बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर झालेला, तेव्हा कोपऱ्यात दोन घमेली वाळू पसरली आणि त्याच्या शूने भिजलेलं एक फडकं तिथे टाकलं. पाटी लावायची तर त्याला वाचता येईल अशी.

बाकी सारा वेळेचा खेळ. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, हुंदडून झाल्यावर बाहेर न्यायचंच. वयाचे जितके महिने तितके तास, फार तर एखादा जास्त, एवढाच त्याचा दम. हाही ढोबळ हिशेब. खेळता खेळता एकदम भान हरपल्यासारखं होतं, नाक जमिनीला लागतं, एक घिरटी, दुसरी त्याहून लहान, मागचे पाय पुढच्यांजवळ येतात, पाठीची कमान होते. त्या कमानीच्या आत त्याला उचलायचं, आरडाओरडा न करता. काम झालं की ओल्या खोबऱ्याचा तुकडा तिथल्या तिथे. तो स्वयंपाकघरात येऊन दिला, तर पिल्लाला वाटतं, घरात परत आल्याचंच हे बक्षीस.

जागा निवडताना वास्तुशास्त्र निघालंच. शौचालय कुठल्या दिशेला असावं, यावर आमच्याकडे तासभर बोलू शकणारे काका आहेत. त्यांना मी झेक आणि जर्मन संशोधकांचा 2013 सालचा अभ्यास सांगितला: 37 जातींची 70 कुत्री, शीच्या 1,893 नोंदी, आणि निष्कर्ष असा, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री अंग उत्तर-दक्षिण ठेवून बसतात. पुढच्याच वर्षी त्याला इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक आहे, हे काकांना सांगितलं नाही. ते खूश झाले.

खरी परीक्षा पाऊस लागल्यावर. उंबऱ्यावर उभं राहून सोन्या पागोळ्यांकडे बघायचा आणि माघारी फिरायचा. कोपऱ्यावर पत्रा टाकला, तर पत्र्यावरच्या सरींच्या आवाजाने तो आणखीच बिथरला. शेवटी माडाची झापं टाकली, आवाज थांबला. वाळू कोरडी राहिली आणि पावसात धुऊन जाणारा वासही टिकला. घरच्या कुणी तरी इरलं घेऊन सोबत जायचं, हे मात्र ओघानं आलंच.

ज्या घरात गाईचं शेण धन, त्याच घरात कुत्र्याच्या शीला खताचा मान नाही. तिच्यातल्या गोलकृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, आकडीकृमींच्या अळ्या अनवाणी पायांतून अंगात शिरतात. म्हणून रोज खुरप्याने उचलायचं आणि विहीर, भाजीचे वाफे टाळून खड्ड्यात पुरायचं. शूही फार साधी नाही. तिच्यातल्या युरियाने आजीची अबोली करपली. तेव्हापासून तिकडे लगोलग तांब्याभर पाणी ओततो.

पुढे सोन्या वयात आला आणि तंगडी वर करू लागला. कोपरा त्याने सोडला नाही, पण पाहुण्यांच्या गाडीचं चाक दिसलं की त्याला राहवत नाही. परगावचे वास घेऊन आलेल्या चाकावर आपला शेरा मारायलाच हवा, असा त्याचा बाणा. यावर खोबरं चालत नाही. गाड्या फाटकाबाहेर लावा, असं आम्ही फोनवरच सांगून ठेवतो.